डोंबिवलीच्या नावाच्या संख्या

आपल्या डिपार्टमेंटमधल्या चाळिशी ओलांडलेल्या एखाद्या सरांना सहज विचारून बघा, कीजेन आठवतं का म्हणून. बहुतेक सर आधी इकडेतिकडे बघतील आणि मग हसतील! त्यांच्या कॉलेजच्या दिवसांत सॉफ्टवेअर म्हणजे स्टेशनबाहेर मिळणारी, वर मार्करने नाव खरडलेली सीडी. त्या सीडीत क्रॅक नावाचा एक फोल्डर आणि त्यात एक इवलासा प्रोग्रॅम. तो उघडला की व्हिडिओ गेमसारखं टुंगटुंग संगीत सुरू व्हायचं, रंगीत अक्षरं सरकत जायची, कुठल्यातरी परदेशी ग्रुपचं नाव झळकायचं आणि खाली सिरियल नंबर हजर! गंमत अशी की फुकट मिळालेलं ते सॉफ्टवेअर आता कोणाला फारसं आठवत नाही, पण ते संगीत मात्र अजून आठवतं. असं का बरं?

त्याची गोष्ट अशी आहे. १९८०च्या दशकात युरोपातल्या घरांमध्ये कमोडोर ६४ सारखे छोटे कॉम्प्युटर आले. हे मशीन १९८२ सालचं, मेमरी फक्त ६४ किलोबाइट. गेमची कॉपी होऊ नये म्हणून कंपन्या त्याला कुलूप लावायच्या आणि शाळकरी पोरं ते फोडायची. फोडून झालं की गेमच्या सुरुवातीला स्वतःची सही म्हणून एक छोटंसं चलचित्र जोडायची. त्यात ग्रुपचं नाव, दुसऱ्या ग्रुप्सना नमस्कार, कधीकधी तर डिस्क पाठवण्यासाठी पोस्टाचा पत्तासुद्धा! हळूहळू ही सहीच गेमपेक्षा भारी व्हायला लागली. मग काही जणांनी कुलूप फोडणं सोडलं आणि नुसत्या सह्याच करू लागले. या सह्यांना डेमो म्हणतात आणि ही मंडळी ज्या जगात वावरतात ते डेमोसीन. ६४ किलोबाइट, ४ किलोबाइट, अगदी २५६ बाइट अशी मर्यादा आपणच घालून घ्यायची आणि तेवढ्या जागेत चित्र, हालचाल, संगीत सगळं बसवायचं. फिनलंडच्या फ्यूचर क्रू या ग्रुपचा १९९३ सालचा ‘सेकंड रिअॅलिटी’ हा डेमो आजही नावाजला जातो. २००४ साली जर्मनीतल्या काही जणांनी ‘क्रीगर’ नावाचा अख्खा थ्रीडी गेम ९६ किलोबाइटमध्ये बसवला. आपल्या मोबाइलमधला एक फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो! २०२० साली तर फिनलंडने डेमोसीनचा आपल्या जिवंत सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत समावेश केला.

कुलूप फोडणं बेकायदा होतं, त्याचं कौतुक मला करायचं नाहीये. मला भावते ती त्यातली सही. म्हणजे थोडक्या साधनांत काहीतरी अवघड करून दाखवायचं, पैशासाठी नाही तर मजा म्हणून, आणि खाली आपलं नाव घालून ज्याला त्यातलं कळतं त्याच्यासमोर ठेवायचं. हा नाद असलेला एक माणूस आपल्या सेंट्रल लाइनवरच होऊन गेला. त्याच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, ६४ किलोबाइटही नव्हते. होते ते शून्य ते नऊ हे दहा अंक, कागद आणि पेन्सिल. आणि त्याने आपल्या सहीसाठी नाव कुठलं घेतलं माहितेय? डोंबिवलीचं!

मी पडले कॉन्व्हेंटची. कापरेकर कॉन्स्टंट हे नाव मला पहिल्यांदा भेटलं ते एका इंग्रजी पुस्तकात, फिबोनाची वगैरे परदेशी मंडळींच्या रांगेत. हा माणूस ठाण्याच्या शाळेत शिकला होता हे तिथे कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणून हा लेख.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. डहाणू आता पालघर जिल्ह्यात गेलं, पण २०१४ सालापर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होतं. म्हणजे जन्मानेही हा माणूस आपल्याच जिल्ह्याचा. आठ वर्षांचे असताना त्यांची आई गेली आणि वडिलांनीच त्यांना वाढवलं. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच. मुलाने त्यातलं भविष्य बाजूला ठेवलं आणि आकडे तेवढे उचलले. पुढे माध्यमिक शिक्षणासाठी ते ठाण्याला आले. तिथे शाळकरी वयात तासन्‌तास गणिताची कोडी सोडवत बसणं हाच त्यांचा खेळ होता.

१९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. हे रँग्लर र. पु. परांजपे म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले पहिले भारतीय. पारितोषिक परीक्षेतल्या मार्कांसाठी नव्हतं, विद्यार्थ्याने स्वतःच्या डोक्याने केलेल्या नव्या गणितासाठी होतं. १९२९ साली कापरेकर बीएससी झाले. पुढे एमएससी नाही, पीएचडी नाही, परदेश नाही. नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिक्षकाची नोकरी धरली आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवलं.

आता डोंबिवलीकडे येऊ. ठाणे, डोंबिवली आणि देवळाली ही तिन्ही स्टेशनं एकाच लाइनवर आहेत. तेव्हा तिला जी.आय.पी. रेल्वे म्हणत. या लाइनवर मुंबईपासून ३० मैलांवर डेमलो नावाने ओळखलं जाणारं एक स्टेशन होतं. तेच आजचं डोंबिवली. आज सकाळी ८ वाजता त्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून स्वतःचं नाव आठवलं तरी पुष्कळ झालं! पण कापरेकरांच्या डोक्यात एका नव्या प्रकारच्या संख्यांचा विचार सुरू झाला तो या स्टेशनात, आणि त्यांनी त्या संख्यांना स्टेशनाचंच नाव देऊन टाकलं, डेमलो संख्या. १९३८ साली त्यावरचा त्यांचा लेख ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात आला आणि १९३९ साली के. आर. गुंजीकर यांच्यासोबत लिहिलेला लेख मुंबई विद्यापीठाच्या जर्नलमध्ये.

डेमलो संख्या म्हणजे काय ते बघा. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. इथवर आपण सगळ्यांनी शाळेत बघितलेलं असतं आणि वा छान म्हणून पान उलटलेलं असतं. कापरेकर तिथेच थांबले. १२३२१ चे त्यांनी तीन तुकडे केले, १२, मग ३, मग २१. आता १२ आणि २१ ची बेरीज ३३. मधला अंकही ३! १२३४३२१ घ्या. १२३ अधिक ३२१ म्हणजे ४४४, मधला अंक ४. डाव्या आणि उजव्या तुकड्याची बेरीज केली की सगळे अंक सारखे येतात आणि मध्ये तोच अंक बसलेला असतो. हाच डेमलोचा नियम. साधं उदाहरण हवं तर ४७७७३. टोकाचे ४ आणि ३ मिळून ७, आणि मध्ये सगळे ७.

खरी मजा पुढे आहे. दहा एकांच्या संख्येचा वर्ग केला की हातचा येतो आणि ती सुंदर चढती-उतरती माळ तुटते. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. यात मधेच ८ गायब, दोन शून्यं घुसलेली. आपण म्हणू, संपला पॅटर्न. पण तुकडे करून बघा. डावीकडचे १२३४५६७९० आणि उजवीकडचे ०९८७६५४३२१. बेरीज करा. १११११११११११ नाही हं, नीट मोजा, बरोब्बर दहा एक, ११११११११११! डोळ्यांना दिसणारी माळ तुटली, पण डेमलोचा नियम तसाच उभा. हे वाचलं तेव्हा मी कॅल्क्युलेटर काढून दोनदा पडताळून बघितलं.

यानंतरचं त्यांचं काम जगभर गाजलं. चार अंकांची कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा आणि मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. समजा ३५२४ घेतले. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४! इथून सुटका नाही. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ला पोचताच. कापरेकरांनी हे १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं आणि १९५५ साली ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या अमेरिकेतल्या नियतकालिकात ते छापून आलं. योगायोग बघा, भारतात पहिला डिजिटल कॉम्प्युटर आला तोही १९५५ सालीच, कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये. म्हणजे ६१७४ सापडला तेव्हा देशात लूप चालवायला मशीनच नव्हतं.

मग नऊ हजाराच्या आसपास संख्या हाताने तपासायच्या का? नाही. इथे जी युक्ती लागते ती बघून डेमो-कोडरसुद्धा खूश होईल. अंक मोठ्याकडून लहानाकडे क, ख, ग, घ असे मांडले, तर वजाबाकीचं उत्तर येतं ९९९ गुणिले (क वजा घ) अधिक ९० गुणिले (ख वजा ग). म्हणजे चार अंक कुठले का असेनात, उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं. पहिला फरक १ ते ९ मधला आणि दुसरा शून्यापासून पहिल्या फरकापर्यंतचा. अशा जोड्या होतात फक्त ५४. हजारो संख्यांचं काम ५४ ओळींवर आलं की ते वहीच्या दोन पानांत बसतं! मेमरी कमी असली की डोकं जास्त चालवावं लागतं, हे दोन्हीकडे सारखंच.

पण भारतातल्या पुष्कळ गणितज्ञांना हे सगळं पोरखेळ वाटायचं. अंकांची उलटापालट म्हणजे काय गणित? उद्या आपण १० च्या ऐवजी दुसऱ्या पायावर मोजायला लागलो, बायनरी वापरली, तर ६१७४ ची जादू उडून जाते. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण हसणं वेगळं आणि म्हणणं वेगळं. कापरेकरांचे काही लेख लहानसहान नियतकालिकांत आले, बाकीचे त्यांनी स्वतःच्या खर्चाने पुस्तिका करून छापले. त्या पुस्तिकांवर प्रकाशक म्हणून त्यांचं स्वतःचं नाव आणि पत्ता असायचा, खारेसवाडा, देवळाली. डिस्कवरच्या सहीत पोस्टाचा पत्ता टाकणारी ती युरोपातली पोरं मला इथे आठवली. फरक एवढाच की त्या पोरांची सही दुसऱ्याच्या गेमवर स्वार होऊन गावोगाव जायची. कापरेकरांनी दुसऱ्या कोणाचं काही घेतलं नाही, त्यामुळे त्यांची पुस्तिका कुठे पोचवायला आयतं वाहनही नव्हतं.

तरी हा माणूस परिषदांना जायचा. पदव्या लावलेल्या मोठमोठ्या प्राध्यापकांत हा शाळामास्तर उभा राहून आपले आकडे मांडायचा. आसपासच्या कॉलेजांत त्यांना बोलावणंही असायचं. आणि शाळेत तर काय, ज्या मास्तरांना स्वतःलाच आकड्यांचं वेड आहे त्यांच्या वर्गातल्या मुलांना गणिताची भीती कशी राहणार?

नवीन नवीन संख्या निघतच राहिल्या. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५. अशांना आज कापरेकर संख्या म्हणतात. २९७ चा वर्ग ८८२०९, मग ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. २०२५ साल लागलं तेव्हा मोबाइलवर ४५ च्या वर्गाचे मेसेज भरभरून फिरले, पण त्यात कापरेकरांचं नाव क्वचितच दिसलं. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो तिला त्यांनी नाव दिलं हर्षद, म्हणजे आनंद देणारी. उदाहरणार्थ १७२९. अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. बघा ना, १९ उलटे केले की ९१! आणि स्वयंभू संख्या. एखाद्या संख्येत तिचेच अंक मिळवले की दुसरी संख्या तयार होते. ४७ मध्ये ४ आणि ७ मिळवले की ५८. पण २० ही संख्या अशा रीतीने कोणापासूनच तयार होत नाही. तिला आईबाप नाहीत. अशा संख्यांवर त्यांनी १९६३ साली देवळालीतूनच पुस्तिका काढली. या संख्यांना देवळाली संख्या असंही म्हणतात. एक डोंबिवलीच्या नावाने, एक देवळालीच्या. विमानतळांना नावं देण्यावरून भांडणारे आपण, आणि हा माणूस लाइनवरच्या स्टेशनांना गणितात जागा देत बसला होता.

आता जरा कडू भाग. १९६२ साली निवृत्त झाल्यावर त्यांचं पेन्शन घर चालायला पुरेना. मग गणित आणि विज्ञानाच्या खाजगी शिकवण्या सुरू केल्या. १९६६ साली पत्नी गेली. साठी उलटलेला एकटा माणूस दिवसा शिकवण्या करून पोट भरतोय आणि उरलेल्या वेळात संख्यांशी खेळतोय, असं ते चित्र आहे. यात मला काही रम्य वाटत नाही. छंदासाठी दारिद्र्य सोसावं असं मी कोणाला सांगणार नाही. पण एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी, त्यांचं काम थांबलं नाही.

मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिती कोड्यांच्या सदरात कापरेकरांच्या स्वयंभू संख्यांवर लिहिलं. हे सदर जगभरातले गणितवेडे वाचायचे. झालं! देवळालीच्या मास्तरांचं नाव एकदम जगभर पोचलं. तेव्हा त्यांचं वय होतं सत्तर. तेव्हापासून आजपर्यंत गणिताच्या परदेशी पुस्तकांत त्यांचं नाव सापडतं. १९८६ साली देवळालीला त्यांचं निधन झालं.

मी या माणसाला डेमोसीनशेजारी का बसवलं ते आता सांगते. आपल्याकडे कुठलीही गोष्ट केली की पहिला प्रश्न येतो, याचा उपयोग काय? व्हायवाला एक्स्टर्नल विचारतात, घरचे विचारतात, प्लेसमेंटला आलेले लोकही विचारतात. प्रश्न वाईट नाही, इंजिनिअरने तो विचारायलाच हवा. पण काही कामं अशी असतात की त्यांचा उपयोग आधी सांगता येत नाही, कारण ती करताना डोक्याला जे वळण लागतं तोच त्यांचा उपयोग असतो. कमोडोरच्या ६४ किलोबाइटमध्ये सह्या करणाऱ्या पोरांपैकी अनेक जण पुढे गेम कंपन्यांत नावाजले. कापरेकरांना तसं काही मिळालं नाही. पण आज हर्षद नंबर ओळखा हा प्रश्न सी-प्रोग्रॅमिंगच्या सरावाच्या याद्यांत असतो, आणि कापरेकर संख्या शोधायचा प्रश्न हॅकररँकवर आहे. जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात पहिल्यांदाच लूप लिहिणारा एखादा मुलगा किंवा मुलगी रोज त्यांचं नाव टाइप करत असेल. ज्याला पोरखेळ म्हटलं, त्यावर पोरं शिकतायत!

जुन्या क्रॅक सीडींच्या आठवणी काढणाऱ्या सीनिअर्सना मला एवढंच सांगावंसं वाटतं. जे गेलं म्हणून आपल्याला चुटपुट लागते, ते फुकटचं सॉफ्टवेअर नाही. आता तर चांगलंचुंगलं ओपन सोर्स कायदेशीरपणे फुकट मिळतं. चुटपुट लागते ती त्या टुंगटुंग संगीतामागच्या माणसाची, ज्याने मर्यादा असूनही नाही तर मर्यादा होती म्हणून काहीतरी गमतीशीर केलं आणि खाली सही ठोकली. आमच्या लॅपटॉपला १६ जीबी रॅम आहे. मर्यादा आता आपल्यालाच घालून घ्यावी लागते, आणि तिथेच आमचं घोडं अडतं.

तर दोस्तांनो, एक गृहपाठ. तीन अंकी संख्यांवर हाच खेळ केला की कुठे पोचता ते आज रात्री मेसमधून आल्यावर करून बघा. (हिंट देते, ५०० च्या जरा अलीकडे!) मग पाच अंकी करा. तिथे एकच थांबा मिळत नाही, संख्या गोल गोल फिरत राहतात. कमीत कमी ओळींचा प्रोग्रॅम लिहून कोण ती वर्तुळं शोधतो ते बघू. आणि तुमच्या डोक्यात असंच काहीतरी, वरवर बिनउपयोगी वाटणारं घोळत असेल, तर त्याला आपल्या गावाचं नाव द्या, खाली ब्लॉक आणि रूम नंबर घाला आणि संपादकांकडे आणून द्या. पुढच्या अंकात पानं मोकळी आहेत.